नापास होणं परवडतं

विद्यापीठाच्या परीक्षेत कॉपी म्हटलं की डोळ्यांसमोर कानात ब्लूटूथ दडवलेला एखादा हिकमती पोरगा येतो. असे असतात, पण परीक्षा केंद्रावर वर्षानुवर्षं काम केलेल्या शिक्षकांना विचारा. ते वेगळेच चेहरे सांगतील. रात्री दोन वाजता घाबरून चार सूत्रं चिठोऱ्यावर उतरवली आणि चिठोरा खिशात तसाच राहिला, अशी मुलगी. मैत्रिणीने मागितली म्हणून लिहून झालेली पुरवणी मागे सरकवणारी दुसरी. मोबाइल बंद करून खिशात ठेवला की चालतं असं समजणारा मुलगा. यातल्या कुणी फार मोठा कट रचलेला नसतो. तरी तिघांचीही 'केस' होते, आणि घरी सांगायची वेळ आली की तिघंही एकच वाक्य म्हणतात: "पण मी कॉपी केलीच नव्हती."

हे वाक्य खरं असलं तरी फारसं उपयोगाचं नसतं, आणि यातच सगळी गोम आहे. नियम तुमचा हेतू मोजत बसत नाहीत. ते विचारतात, काय सापडलं आणि कुणाकडे सापडलं.

मुंबई विद्यापीठाचा ५०५० क्रमांकाचा अध्यादेश घ्या. परीक्षेतल्या गैरप्रकारांना कोणती शिक्षा, याचा तक्ताच त्यात आहे. कॉपीचं साहित्य नुसतं जवळ सापडलं, तरी त्या परीक्षेतली संपूर्ण कामगिरी रद्द. 'संपूर्ण' हा शब्द नीट वाचा: त्या एका पेपरची नव्हे, त्या सत्राच्या परीक्षेत दिलेल्या सगळ्या पेपरांची. प्रत्यक्ष उतरवलेलं आढळलं तर शिवाय आणखी एका परीक्षेला बसायला बंदी. दोघातिघांनी संगनमताने केलं तर बंदी दोन परीक्षांची. दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला बसलेल्या तोतयाला पाच परीक्षांची. इतर विद्यापीठांचे तक्ते थोडेफार वेगळे असतात, पण सगळ्यांचा रोख तोच. तुमच्या विद्यापीठाचा तक्ता संकेतस्थळावर परीक्षा विभागाच्या पानावर शोधा किंवा महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात मागा. वाचायला दहा मिनिटं पुरतात.

आता जरा हिशेब करू. तुमचे सहा पेपर आहेत. पाच बरे जाणार, सहाव्याची धाकधूक आहे. सहाव्यात नापास झालात तर एक विषय राहतो, एटीकेटी लागते, पुढच्या वेळी शुल्क भरून तेवढा एकच पेपर द्यायचा. वाईट वाटेल, घरी चार शब्द ऐकावे लागतील, पण पाच विषय सुटलेले असतील. त्याच सहाव्या पेपरला चिठ्ठी सापडली, तर सत्तर टक्के मिळालेला दुसरा पेपरही गेला, रात्री जागून केलेला चौथाही गेला. सगळं सत्र पुन्हा. राहिलेल्या विषयांची संख्या मर्यादेबाहेर गेली की वर्ष गेलं. कॅम्पस मुलाखतीत नोकरी मिळालेली असेल तर गुणपत्रिकेच्या जागी 'निकाल राखून ठेवला' असं दाखवावं लागतं. नीतीचं प्रवचन क्षणभर बाजूला ठेवू. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं तरी नापास होणं परवडतं, चिठ्ठी परवडत नाही.

आदल्या रात्री

चिठ्ठी बहुधा आळशी मूल करत नाही. घाबरलेलं करतं. त्यामुळे गैरप्रकार टाळायची सुरुवात परीक्षेच्या दालनात होत नाही, आदल्या संध्याकाळी होते.

नव्या रचनेत बऱ्याच ठिकाणी सत्राअखेरचा पेपर ६० गुणांचा असतो आणि ४० गुण अंतर्गत असतात. ६० पैकी ४० टक्के म्हणजे २४. अभ्यास अजिबात झालेला नसेल, तर त्या रात्री सगळा अभ्यासक्रम डोळ्यांखालून घालायचा मोह सोडा. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवा आणि पुन्हा पुन्हा येणारी दोन प्रकरणं निवडा. तीच पक्की करा, मग झोपा. दहा प्रकरणं अर्धवट वाचून दालनात गेलेल्याचा हात खिशाकडे जातो, दोन प्रकरणं नीट येणाऱ्याचा सहसा जात नाही.

आणखी एक छोटी पण कामाची सूचना. सूत्रं, व्याख्या, कलमं यांचं टिपण करायचंच असेल तर ते फुलस्केप कागदावर करा, मोठ्या अक्षरात. खिशात मावेल असा कागदच करू नका. मायक्रो झेरॉक्सच्या दुकानात मित्राच्या सोबतीलाही जाऊ नका. 'लिहिलं की लक्षात राहतं, म्हणून चिठ्ठी केली, वापरणार नव्हतो' असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातले काही खरंच बोलत असतात. पण मोठ्या कागदावर लिहिलं तरी तेवढंच लक्षात राहतं की. उलट जास्तच राहावं.

दालनाच्या दारात आणि आत

दारापाशी दोन मिनिटं थांबा आणि खिसे उलटे करा. शर्टाचा, पँटचा मागचा, जॅकेटचा आतला. ओढणी, मोजे, पाऊच, कंपासपेटीचं झाकण. मोबाइल बॅगेत, बॅग बाहेर. बंद केलेला मोबाइलही मोबाइलच असतो. स्मार्ट घड्याळ घरी ठेवलेलं बरं. काही केंद्रं साधं घड्याळही आत नेऊ देत नाहीत. प्रवेशपत्राची मागची बाजू बघून घ्या. बसमध्ये उजळणी करताना तिथे पेन्सिलीने काही खरडलेलं असतं आणि आपल्याच ध्यानात नसतं.

कॅल्क्युलेटर हे एक खास प्रकरण आहे. बहुतेक विद्यापीठं प्रोग्रॅम करता न येणारा कॅल्क्युलेटर चालवून घेतात. पण त्याच्या सरकत्या झाकणाच्या आतल्या बाजूवर सूत्रं लिहायची रीत जुनी आहे, आणि पर्यवेक्षकांना ती तुमच्याहून आधीपासून ठाऊक आहे. कॅल्क्युलेटर वरच्या वर्गातल्या कुणाकडून घेतलेला असेल तर झाकण काढून बघा आणि शक्यतो झाकण घरीच ठेवा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या काही पेपरांना आयएस ४५६ किंवा आयएस ८०० या संहिता आणि स्टील टेबल्स न्यायला परवानगी असते. ग्रंथालयातून आणलेल्या प्रतीच्या समासात आधीच्या चार तुकड्यांनी सोडवलेली उदाहरणं असतात. प्रत तुमच्या हातात असली की समासातलं अक्षर कुणाचं, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्याच डोक्यावर. पानं चाळून प्रत स्वच्छ करा, नाहीतर दुसरी घ्या.

बाकावर बसलात की पेपर हातात यायच्या आधी बाक तपासा. वरती खरडलेलं, खालच्या खणात कोंबलेलं, पायाखाली पडलेलं. काही दिसलं तर हात वर करून पर्यवेक्षकांना दाखवा. स्वतः उचलून कचरापेटीत टाकायला जाऊ नका, कारण नेमक्या त्याच क्षणी भरारी पथक दारात उभं असू शकतं. बाकावर मजकूर असेल तर जागा बदलून मागा. पेपर सुरू झाल्यावर मागून चिठ्ठी येऊन पडली तरी हेच करायचं. तिला हात लावायचा नाही, पायाने ढकलायची नाही, लगेच सांगायचं. मित्र रागावेल. रागावू दे.

मित्राचं हे प्रकरण जरा अवघड असतं. आपल्याकडे पेपर दाखवला नाही तर माणूस खडूस ठरतो. शाळेपासून 'थोडं दाखव ना' हे मैत्रीचंच लक्षण मानलं गेलंय, आणि दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियानं राबवावी लागतात त्यामागे ही सवयही आहेच. पण दाखवणारा आणि बघणारा यांच्यात नियम फरक करत नाहीत. दुसऱ्याची उत्तरपत्रिका किंवा पुरवणी ज्याच्याकडे सापडते तोही अडकतो आणि जिची सापडते तीही अडकते. म्हणून परीक्षेच्या आठवडाभर आधीच मित्रांना हसत हसत सांगून टाका: अभ्यासाला वाटेल तेवढा वेळ बसू, दालनात माझ्याकडे बघू नका. ऐन वेळी नाही म्हणण्यापेक्षा हे खूप सोपं जातं. पट्टी, रबर, कॅल्क्युलेटर यांची देवाणघेवाणही टाळा. लागलंच तर पर्यवेक्षकांच्या हातून मागा.

प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांकाखेरीज काही लिहू नका. बहुपर्यायी प्रश्नांच्या उत्तरांवर खुणा करायची सवय असते, आणि तीच खुणांची प्रश्नपत्रिका शेजाऱ्याला दिसेल अशी तिरकी ठेवली की संशयाला जागा होते. कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर करावं, वर 'कच्चे काम' लिहावं.

लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांनी परवानगी पेपरच्या सकाळी मागू नये. लेखनिकाची कागदपत्रं, तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ, सगळं आधी लेखी मंजूर करून घ्या. कागद नसला की बरोबर आलेला लेखनिक तोतया वाटायला वेळ लागत नाही.

उत्तरपत्रिकेत गणपती नको, नंबरही नको

हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकाला ती कुणाची हे कळू नये, म्हणून क्रमांक झाकला जातो, बारकोड लावला जातो. ती झाकलेली ओळख तुम्ही स्वतःच उघड केलीत तर तोही गैरप्रकार ठरतो, आणि त्याची शिक्षा चिठ्ठीइतकीच कडक असू शकते. आत नाव, सही, मोबाइल नंबर, महाविद्यालयाचं नाव, गावाचं नाव काहीही लिहू नका. वर 'श्री', स्वस्तिक, ७८६, 'जय भीम' किंवा क्रूस काढायची सवय असेल तर ती वहीत ठेवा. श्रद्धेला कुणाचा विरोध नाही, पण ठरावीक खूण ही परीक्षकाला दिलेली खूण म्हणून वाचली जाऊ शकते. पत्रलेखनाचा प्रश्न असला तर प्रश्नपत्रिकेत दिलेलंच नाव वापरा. दिलेलं नसेल तर 'अ. ब. क.'

'सर, घरची परिस्थिती बिकट आहे, कृपया पास करा' अशी विनवणी आणि तिच्यासोबत टाचलेली नोट, हे दोन्ही अजूनही सापडतं. विनवणीने गुण मिळत नाहीत. नोटेने तर लाच देण्याचा प्रयत्न म्हणून वेगळी कारवाई मागे लागते. शाईचा रंगही मधेच बदलू नका. पेन संपलं आणि दुसऱ्या छटेचं घ्यावं लागलं तर पर्यवेक्षकांना सांगून तिथे त्यांची सही घ्या.

सकाळी साडेनऊचा मेसेज

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'आजचा पेपर' येऊन पडतो. बऱ्याच वेळा तो जुना किंवा बनावट असतो. पण कधी कधी खराही असतो. प्रश्नपत्रिका आता अनेक ठिकाणी ऑनलाइन येतात आणि परीक्षेच्या थोडाच वेळ आधी केंद्रावर छापल्या जातात, त्यामुळे फुटायला तेवढाच अवधी असला तरी मोबाइलला तेवढा पुरतो. अशा वेळी तीन गोष्टी करू नका: उघडून पाठ करू नका, पुढे पाठवू नका, आणि घाबरून पुसूनही टाकू नका. ग्रुप कुठला, मेसेज कुणाचा, किती वाजता आला एवढं लक्षात ठेवा आणि केंद्रप्रमुखांना सांगा. पुढे पाठवणारा स्वतःला मदतनीस समजतो, पण चौकशीत तो साखळीतला एक दुवा असतो. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळांच्या परीक्षांमधल्या गैरप्रकारांसाठी १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. पेपर फोडणं आणि तोतयागिरी यांत मामला विद्यापीठापुरता न राहता पोलिसांकडे जाऊ शकतो. २०२४ चा केंद्राचा कायदा मात्र यूपीएससी, एसएससी, रेल्वे, एनटीए यांसारख्यांच्या परीक्षांसाठी आहे. त्याचा धाक दाखवणाऱ्या मेसेजांत विद्यापीठाच्या परीक्षाही घुसडलेल्या असतात, तिकडे फार लक्ष देऊ नका.

पकडलं तर

चूक असो वा नसो, आरोप झाला की काय करायचं हे आधी माहीत असावं.

पहिलं म्हणजे पळू नका, चिठ्ठी गिळू नका, फाडू नका, हुज्जत घालू नका. चिठ्ठी नष्ट केली याचीही नोंद होते आणि ती वेगळी वाईट दिसते. पर्यवेक्षकांशी झोंबाझोंबी केली तर शिक्षा कितीतरी पटींनी वाढते. तुमची उत्तरपत्रिका आणि सापडलेला कागद ताब्यात घेतला जाईल, वेगळा सीलबंद होईल. सहसा नवी उत्तरपत्रिका देऊन पेपर पुढे लिहू दिला जातो. तो लिहा. उरलेल्या पेपरांनाही बसा. त्यांचा निकाल चौकशी होईपर्यंत राखून ठेवतात, पण तुम्ही निर्दोष ठरलात तर तेच कामाला येतात. रडत घरी निघून गेलेल्या मुलाचे पेपर मात्र हातचे जातात.

दुसरी गोष्ट जबाबाची. तुमच्याकडून लेखी निवेदन मागतील. कुणी 'हे लिही, लवकर सुटशील' म्हणून मजकूर सांगितला तर तो जसाच्या तसा उतरवू नका. जे घडलं ते आणि तेवढंच लिहा, स्वतःच्या शब्दांत: कागद कुठे होता, कुणाचा होता, त्यातलं काही उतरवलं की नाही. कागद तुमचा असेल तर तुमचा म्हणा. खोटं निवेदन नंतर समितीपुढे टिकत नाही आणि खऱ्या भागावरचाही विश्वास उडवतं. निवेदनाची तारीख, वेळ आणि उपस्थितांची पदं घरी गेल्यावर वहीत टिपून ठेवा.

त्यानंतर कारणे दाखवा नोटीस येते आणि समितीपुढे बोलावणं येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशा चौकशीसाठी समिती नेमतं. तिच्यापुढे म्हणणं मांडायची संधी ही कुणाची मेहरबानी नसते. परीक्षार्थीचा निकाल रद्द करण्याआधी त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात १९६२ मध्येच सांगितलं. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. बिहारमधल्या एका केंद्रावर सगळीकडेच कॉपी झाली, तेव्हा पूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही, असं त्याच न्यायालयाने १९७० मध्ये म्हटलं. म्हणजे ज्या केंद्रावर 'सगळेच करतात' तिथे न करणाऱ्यालाही एकट्याने बाजू मांडता येईलच असं नाही. 'कॉपीला सोयीचं' म्हणून कुणी एखादं केंद्र किंवा महाविद्यालय सुचवलं तर हे आठवा.

नोटिशीला उत्तर मुदतीत द्या, पोच घ्या. समितीपुढे पालकांना पुढे करू नका आणि ओळखीच्या नगरसेवकाचा फोनही नको. समितीतल्या शिक्षकांना तो सर्वात आधी खटकतो. पालकांनाही एक सांगायचं आहे. त्या दिवशी मुलाला फाडून खाऊ नका. सत्र गेलं तर पुन्हा देता येतं. त्या संध्याकाळी घरात कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं, ते काम तुमचं आहे.

घरी बसून होणारे गैरप्रकार

अंतर्गत गुणांचं वजन वाढलं तसा गैरप्रकारांचा काही भाग दालनातून घरी आला. जर्नल उतरवणं, विकतचा प्रकल्प आणून पहिलं पान बदलणं, आणि आता एआयकडून सगळंच लिहून घेणं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याच्यासारखी साधनं नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेख संदर्भ म्हणून बेधडक देतात. तोंडी परीक्षेत 'हे पुस्तक कुठे वाचलंत?' एवढा एकच प्रश्न पुरतो. उलट बाजूने, एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनंही भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. म्हणून प्रामाणिक विद्यार्थ्याने कच्चे खर्डे, टिपणं, फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवाव्यात. संशय आला तर दाखवायला तेच असतं. एआय वापरायची मुभा आहे का, किती, हे शिक्षकांना आधी विचारा आणि वापरलं असेल तर प्रकल्पात तसं नमूद करा.

पदव्युत्तर प्रबंधांना यूजीसीचे २०१८ चे नियम लागू आहेत. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या ठरवून दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करायला बंदी, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. मराठी माध्यमात लिहिणाऱ्यांमध्ये एक गैरसमज घट्ट बसलाय: इंग्रजी लेखाचं भाषांतर केलं की संगणकाला कळत नाही, म्हणजे चालतं. संगणकाला कदाचित नाही कळणार. पण भाषांतरही उचलेगिरीच, आणि तो मूळ लेख ज्यांनी वर्गात शिकवला तेच मार्गदर्शक समोर बसलेले असतात. ज्याचा विचार घेतला त्याचं नाव तिथल्या तिथे, त्याच पानावर द्या. शेवटी जोडू म्हणून सोडलेलं नाव शेवटी विसरतं.

निकालानंतर

पेपर संपले, निकाल लागला आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी आले, की फोन येतो: अमुक हजार द्या, पुनर्मूल्यांकनात वाढवून देतो. यातले बहुतेक निव्वळ भामटे असतात, कारण ज्यांचे गुण आपसूक वाढतात त्यांचे पैसे ठेवायचे आणि उरलेल्यांचे फोन उचलायचे नाहीत, एवढाच त्यांचा धंदा असतो. खरोखर आतला माणूस असला तर ते आणखी वाईट. तो सापडला की त्याच्या मोबाइलमधली नावंही सापडतात. सरळ रस्ता खुला असताना त्या वाटेला जायचं कारण नाही. विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्या, विषयाच्या शिक्षकांसमोर बसून ती बघा, बेरीज चुकली आहे का, एखादं पान तपासायचं राहिलं आहे का ते शोधा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा की नाही ते ठरवा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारातही बघायला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. छायाप्रतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून निकाल बघितला त्याच दिवशी परीक्षा विभागाचं परिपत्रक उघडून अर्जाची शेवटची तारीख टिपून घ्या.